हाताचे पाठांतर



मराठीत 'वळण' हा शब्द मोठ्या कामाचा आहे. रस्त्याला वळण असते, मुलाला वळण लावतात, अक्षराला वळण असते, आणि रोजच्या सरावाने एखादी गोष्ट आपल्या अंगवळणी पडते. या सर्व प्रयोगांत एक समजूत गृहीत धरलेली दिसते, ती अशी की आपल्या देहात काहीतरी एकदा वळते आणि मग तसेच राहते. वळते ते काय? हात म्हणावा, तर सरावापूर्वीची बोटे आणि सरावानंतरची बोटे यांत डोळ्यांस दिसेल असा फरक नसतो. मोत्यासारखे अक्षर काढणाऱ्या मुलाचा हात आणि कोंबडीचे पाय काढणाऱ्या मुलाचा हात शेजारी शेजारी ठेवले, तर कोणता कोणाचा हे आम्हांस सांगता येणार नाही. जे वळते ते आत, मेंदूत. आम्ही कला शाखेचे पदवीधर. प्रयोगशाळेशी आमचा संबंध दहावीनंतर सुटला. तरीही गेली काही वर्षे या विषयावरचे जे वाचावयास मिळेल ते आम्ही वाचीत आलो आहो. त्यास एक घरगुती कारण घडले. ते ओघाने पुढे येईल.

सातवीच्या वर्गात आम्ही एकदा विचारले, "बुटाची नाडी कशी बांधतात, ते हात न हलविता सांगा पाहू." पहिला विद्यार्थी "आधी उजवी दोरी डावीवरून" एवढे बोलून थांबला. दुसऱ्याने त्यास दुरुस्त केले व तोही पुढच्याच पायरीवर अडला. मागच्या बाकावरील एका मुलीने मात्र सगळा क्रम न चुकता सांगितला, पण तिच्या शेजारणीने लगेच तक्रार केली की, "सर, हिची बोटे बाकाखाली चालू होती!" वर्ग हसला. आम्हांस ती तक्रार फार मोलाची वाटली. क्रम त्या मुलीला ठाऊक होता यात शंका नाही. परंतु आपल्याच बोटांना विचारल्यावाचून तो तिला सांगता येत नव्हता.

असा क्रम मेंदू राखून ठेवतो तरी कसा? जुने मत असे होते की हा सारा साखळीचा प्रकार आहे. पहिली हालचाल झाली की तिची संवेदना मेंदूत जाते. ती संवेदना दुसऱ्या हालचालीस जागे करते, दुसरी तिसरीस, आणि जपमाळेतील मणी एकामागून एक बोटाखाली यावेत तशी सगळी क्रिया पार पडते. मत समजावयास सोपे होते व त्यामुळे ते बरेच दिवस टिकले. अमेरिकेतील कार्ल लॅश्ली या मानसशास्त्रज्ञाने १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्याचे खंडन केले. त्याचा एक मुद्दा निव्वळ हिशेबाचा होता. निष्णात वादकाची बोटे एका सेकंदात सोळा आघातांपर्यंत पोहोचू शकतात, असे त्याने नमूद केले. म्हणजे एका आघाताच्या वाट्यास सेकंदाचा सोळावा हिस्सा आला. बोटाला झालेल्या स्पर्शाची वर्दी मेंदूकडे जाऊन तिचे उत्तर बोटाकडे परतावयास याहून जास्त वेळ लागतो. उत्तर येईपर्यंत पुढचा आघात होऊनही गेलेला असतो! तेव्हा एक मणी दुसऱ्याला ओढीत नाही. बोटे चालू होण्यापूर्वीच पुढच्या आघातांची योजना कोठेतरी सिद्ध असावयास हवी.

त्याचा दुसरा मुद्दा आम्हां शिक्षकांच्या विशेष आवडीचा, कारण तो चुकांवर उभारलेला आहे. इंग्रजी टंकलेखन करणाऱ्याच्या हातून 'लुक' हा शब्द छापताना मधला 'ओ' दोनदा उमटण्याऐवजी कधी कधी शेवटचा 'के' दोनदा उमटतो. 'एक अक्षर दोनदा' ही आज्ञा निघाली होती खरी, पण ती शेजारच्या घरी जाऊन पोहोचली. साखळीच्या मताप्रमाणे अशी चूक व्हावयासच नको. आमच्या शाळेतील एका वर्गप्रमुखाने घाईघाईत "फळा पुसून खडू आण" असे म्हणावयाचे, ते "खळा पुसून फडू आण" असे म्हटले, आणि पुढे आठवडाभर बिचाऱ्याचे नाव 'फडू' पडले. मुलांनी त्याची थट्टा केली, पण त्या चुकीचा विचार कोणी केला नाही. 'फळा' म्हणण्याच्या क्षणी 'खडू' त्याच्या मनात तयार उभा नसता, तर तो ख तेथे आला कोठून? आणि अधिक मौज अशी की, आरंभीच्या वर्णाने आरंभीच्याच वर्णाची जागा घेतली. तो भलत्या ठिकाणी घुसला नाही. म्हणजे चुकतानाही मेंदूने जागांचा नकाशा मोडला नव्हता.

लॅश्लीस देवनागरी लिपी येत असती, तर याहूनही चांगली उदाहरणे त्यास मिळाली असती, असे आम्हांस राहून राहून वाटते. 'कि' हे अक्षर घ्या. जीभ आधी क म्हणते व मग इ. पण बहुतेकांचा हात आधी वेलांटीचा दंड ओढतो आणि मग क काढतो. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर तर ही पहिली वेलांटी आधी छापावीच लागे. रफाराचे याच्या उलट. 'सर्प' म्हणताना र् हा प च्या आधी येतो. हात मात्र आधी प लिहितो आणि मग त्याच्या माथ्यावर रफार चढवितो. एकीकडे जिभेच्या मागून येणारे हाताने आधी करावयाचे, दुसरीकडे जिभेने आधी म्हटलेले हाताने राखून ठेवावयाचे! हात जर जिभेमागे फरफटत जाणारा असता, तर पहिलीतल्या मुलालाही जमणारी ही गोष्ट कोणालाच जमली नसती. सबंध अक्षर आधी मनात उभे राहते आणि मग जीभ व हात आपापल्या क्रमाने ते उलगडतात.

याच जागी आमच्या लाल शाईचा मोठा हिस्सा खर्च होतो. 'आशीर्वाद' हा शब्द 'आर्शीवाद' असा लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. आम्ही पूर्वी याला निष्काळजीपणा म्हणत असू. सारेच शिक्षक म्हणतात. आता तो शब्द आम्ही मुलांना तोडून म्हणावयास लावतो. मुले म्हणतात: आ, शीर्, वाद. ऐकले म्हणजे कळते. जिभेच्या दृष्टीने र् हा 'शी'च्या घरचा आहे. लिपीच्या दृष्टीने तो 'वा'च्या घरचा. मुलाने रफार विसरलेला नसतो, तो जिभेच्या गटाप्रमाणे चढविलेला असतो.

गट हा शब्द महत्त्वाचा आहे. क्रम शिकणे म्हणजे सुट्या हालचाली पाठ करणे नव्हे, तर त्यांचे गट बांधणे होय, आणि त्या गटांचे पुन्हा मोठे गट. तबला शिकणाऱ्यास हे वेगळे सांगावे लागत नाही. नवा शिकाऊ 'तिरकिट' वाजवितो तेव्हा तो चार आघात वाजवितो; प्रत्येक आघातामागचा विचार त्याच्या कपाळावर दिसतो. काही महिन्यांनी तो चार आघात वाजवीत नाही, एक बोल वाजवितो. त्रितालाच्या मात्रा सोळा; पण सोळापर्यंत मोजीत कोणी त्रिताल वाजवीत नाही. चार मात्रांचा एक विभाग, असे चार विभाग, नवव्या मात्रेवर खाली. आघात बोलात राहतात, बोल विभागात राहतात, विभाग आवर्तनात राहतात. जॉर्ज मिलर याने १९५६ साली असे प्रतिपादन केले की, मनाच्या हाती एका वेळी सातएक वस्तूच राहू शकतात. पुढील संशोधकांनी ती संख्या चाराच्या आसपास आणली. परंतु वस्तू केवढी असावी याला बंधन नाही, आणि तेथेच सारी युक्ती आहे. चारांचे एक केले की मूठ तेवढीच राहून तीत चौपट मावते. आमच्या गोव्याचे लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकर हाताने एक व पायाने दुसरा असे निरनिराळे ताल एकाच वेळी धरीत, ही त्यांची कीर्ती जुनी मंडळी आजही सांगतात. त्यांच्या मुठीत किती मावत असेल याची कल्पना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

गट बांधण्याचे हे काम किती वेळ घेते याचा पहिला चांगला अभ्यास तारायंत्रावर झाला. आपल्या देशातील तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, त्यामुळे तुमच्यापैकी बहुतेकांनी तार पाहिलेलीही नसेल. कट्ट, कडकट्ट अशा लहानमोठ्या ठोक्यांवरून अक्षरे ओळखावयाची ती विद्या. ब्रायन व हार्टर या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी १८९७ व १८९९ साली ती शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख प्रसिद्ध केले. शिकाऊ मनुष्य आधी अक्षरे ऐकतो, मग शब्द ऐकू लागतो, आणि मुरलेला तारमास्तर वाक्यांचे तुकडेच्या तुकडे ऐकतो. मधल्या काळात, संदेश ऐकून घेण्याच्या बाबतीत, आलेख कित्येक आठवडे आडवा पडलेला त्यांना दिसला आणि मग तो एकाएकी वर चढला. अक्षरांची सवय पक्की होत असते पण शब्दांची अजून बांधली गेलेली नसते, असा तो काळ, असे त्यांचे म्हणणे. हे पठार पुढच्या संशोधकांना प्रत्येक वेळी आढळले नाही हेही सांगितले पाहिजे. आमच्या पाहण्यात मात्र ते अनेकदा आले आहे. आमच्या एका मावसभावाला तो असाच पठारावर असताना एका वादनवर्गाच्या गुरुजींनी "तुझ्या हातात ताल नाही" असे सांगून घरी पाठविले. त्यानंतर त्याने तबल्याला हात लावला नाही. त्या गुरुजींची विद्या थोर असेल. त्यांची घाई आम्हांस अजून मान्य नाही.

हे सर्व मेंदूत कोठे घडते? एका ठिकाणी नाही. मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावर, माथ्याच्या मध्यरेषेलगत, प्रत्यक्ष हालचालीचे हुकूम सोडणाऱ्या पट्ट्याच्या थोडा पुढे एक भाग आहे. तेथील पेशींचे जपानमधील तांजी व शिमा यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण मोठे नवलाचे आहे. माकडांना एक मूठ ढकलणे, ओढणे व फिरविणे या तीन क्रिया वेगवेगळ्या क्रमांनी करावयास शिकविले होते. काही पेशी अशा आढळल्या की, ज्या एका ठराविक क्रमाच्या आधीच जाग्या होत. क्रिया त्याच, हात तोच. क्रम बदलला की ती पेशी गप्प. डोक्याच्या मागील बाजूस असलेला लहान मेंदू वेळेचा काटा व अचूकपणा सांभाळतो; हात ठरल्याप्रमाणे गेला की नाही हे ताडून पुढच्या खेपेस दुरुस्ती करतो. आणि मेंदूच्या खोल तळाशी करड्या पेशींच्या काही गाठी आहेत, त्यांना इंग्रजीत बेसल गँग्लिया म्हणतात. अॅन ग्रेबिएल या संशोधिकेच्या प्रयोगशाळेत उंदरांना एका वाटेने धावून उजवीडावीकडे वळावयास शिकविले, तेव्हा आरंभी त्या गाठींतील पेशी वाटभर गजबजलेल्या असत. वाट अंगवळणी पडल्यावर त्या मुख्यत्वे आरंभी व शेवटी जाग्या होऊ लागल्या. जणू कोणी त्या सबंध धावण्याला कंस घातला.

जपलेली योजना स्नायूंची नसते, याचा पुरावा तर आमच्यासमोर रोज असतो. वहीत लिहिताना बोटे व मनगट चालतात, फळ्यावर लिहिताना कोपर व खांदा चालतो. स्नायू अगदी निराळे. तरी फळ्यावरचे अक्षर कोणत्या शिक्षकाचे हे तुम्ही दारातूनच ओळखता.

हाताचे हे पाठांतर तोंडाच्या पाठांतराहून वेगळ्या कोठीत राहते, ही गोष्ट एका दुर्दैवी मनुष्यामुळे जगाला कळली. हेन्री मोलेसन त्याचे नाव; २००८ साली तो वारला तोपर्यंत शास्त्रज्ञ त्याचा उल्लेख आद्याक्षरांनीच करीत. अपस्माराच्या झटक्यांवर उपाय म्हणून १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही अंतर्भाग काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले, पण नवी आठवण धरण्याची शक्ती गेली. भेटलेला मनुष्य खोलीबाहेर जाऊन परत आला की तो त्याला नवखाच. ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याला आरशात पाहून चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवावयास दिली. आरशात डावेउजवे फिरल्यामुळे हे काम फार अवघड होते; घरी करून पाहा. तीन दिवस त्याने ते केले व दर दिवशी चुका कमी होत गेल्या. तिसऱ्या दिवशी त्याचा हात सफाईने फिरला. मात्र हे काम आपण पूर्वी कधी केले आहे, याची त्याला गंधवार्ताही नव्हती. माणूस विसरला होता. हात विसरला नव्हता.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांसाठी थोडे अवांतर. मॅथ्यू वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली लोकांना बोटांनी पाच कळांचा एक क्रम जलद दाबावयास शिकविले. दिवसभराच्या बारा तासांनंतर त्यांची गती फारशी वाढली नाही. रात्रीच्या झोपेनंतर ती सुमारे वीस टक्के वाढलेली आढळली. झोपेत कोणी सराव केला नव्हता, निदान जागेपणी दिसेल असा. २०१९ साली तर असे दिसून आले की, सरावाच्या मधल्या दहा दहा सेकंदांच्या विसाव्यातही आरंभीची बरीचशी प्रगती होते. हात थांबतो तेव्हा आत कोणीतरी गाठी मारीत बसलेले असते.

आता ते घरगुती कारण. आमचे मामा फोंडा तालुक्यातील एका गावी राहत. देवळातील भजनास तबल्याची साथ त्यांची. चाळीस वर्षांत ती क्वचितच चुकली असेल. आमच्या घरी बोलणे कोंकणी, पण देवापुढे गाणे मराठी. आमची जीभ मराठीकडे वळली ती शाळेत नव्हे, मामांच्या मांडीशेजारी बसून. एके वर्षी सप्ताहात त्यांचे 'तिरकिट' तुटले. सभामंडपातील कोणाच्या ते ध्यानात आले नाही, गायकाच्याही नाही. मामांनी भजन संपल्यावर उजवा हात डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाले, "हो हात म्हजें आयकना मरे!" हा हात माझे ऐकत नाही. जो बोल त्यांनी लहानपणी चारांचा एक केला होता, तो पुन्हा चारांचा झाला होता. पुढे देवळाच्या हिशेबाच्या वहीत त्यांचे अक्षर ओळीच्या शेवटी शेवटी बारीक होऊ लागले. सदऱ्याची बटणे लावावयास मामी पुढे येऊ लागली.

डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितले. जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने १८१७ साली ज्याचे वर्णन केले तो हा विकार. वर ज्या खोल गाठींविषयी लिहिले, त्यांना डोपामिन नावाचे द्रव्य पुरविणाऱ्या पेशी यात हळूहळू मरत जातात. हात दुबळा होत नाही. मामांची पकड अखेरपर्यंत चांगली होती. क्रमाचा कंस उघडेनासा होतो. औषधाने काही तास बरे जात, मग त्याचा जोर ओसरे. सर्वांत वाईट म्हणजे उंबरठा. सपाट ओटीवर चालत आलेले मामा दारात आले की पाय जमिनीला खिळल्यासारखे उभे राहत. मागून कोणी "चला, चला" म्हटले की आणखीच घट्ट होत. आम्ही तो काळ तेथे सुट्टीभर राहिलो व हे रोज पाहिले. ज्या मनुष्याने हजारो आवर्तने न मोजता वाजविली, त्याला एक पाऊल टाकता येऊ नये!

व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी दोन उपाय सांगितले. जमिनीवर हातभर अंतराने पांढऱ्या पट्ट्या चिकटवा, किंवा ठोका द्या. आतून आरंभाची खूण मिळत नसली तर बाहेरची खूण, डोळ्याला दिसणारी वा कानाला ऐकू येणारी, दुसऱ्या वाटेने पाय हलवू शकते, असा त्यामागील विचार. पट्ट्यांवरून मामा चालले. आम्ही सारे थक्क झालो. पण ओटीवरच्या लाल कोब्यावर पट्ट्या टिकेनात, शिवाय देवघराच्या वाटेवर त्यावर पाय देणे त्यांना आवडेना. मग मामी ठोका देऊ लागली. तिने जन्मात तबल्याला हात लावलेला नव्हता. परंतु चाळीस वर्षे ऐकलेला भजनी ठेका तिच्या टाळीत आपसूक होता, मात्रेला मात्रा. पहिल्या टाळीवर मामांचा उजवा पाय उंबरठ्यापलीकडे पडला. ते मनात बोल म्हणत होते हे त्यांच्या ओठांवरून दिसत होते.

त्या दिवसापासून सकाळी दारातून तुळशीवृंदावनापर्यंत जाणे हा त्या दोघांचा नेम झाला. आठ मात्रांचे एक आवर्तन, मात्रेला एक पाऊल. आरंभी चार आवर्तनांत ते वृंदावनापाशी पोहोचत व समेवर हात टेकीत. दुसऱ्या वर्षी पाऊल आखूड झाले आणि पाच आवर्तने लागू लागली. सहावे लागले त्या पावसाळ्यात मामीने वृंदावनाच्या अलीकडे एक खुर्ची नेऊन ठेवली. समेची जागा तेवढी तिने अलीकडे घेतली होती.